पडणाऱ्याचं बिल कुणाच्या नावावर?

न्यूझीलंडमध्ये मोटरसायकल रस्त्यावर आणायची तर तिचं लायसन्स दरवर्षी नव्यानं काढावं लागतं. तिथले लोक त्याला ‘रेगो’ म्हणतात. आपल्याकडे गाडी घेताना एकदा रोड टॅक्स भरला की पंधरा वर्षं तिकडे बघावं लागत नाही. तिथे मात्र पैसे भरण्याचा कागद येत राहतो, आणि त्यावरच्या रकमेतला मोठा वाटा रस्त्याचा किंवा नंबरप्लेटचा नसून अपघाताचा असतो, तोही अजून न झालेल्या. एसीसी, म्हणजे अपघात भरपाई महामंडळ, ही लेव्ही घेतं. २००९ साली सहाशे सीसीच्या वरच्या मोटरसायकलला ती २५२ डॉलर ६९ सेंट होती. त्या ऑक्टोबरमध्ये एसीसीनं ती ७४५ डॉलर ७७ सेंट करण्याचा प्रस्ताव मांडला. जवळजवळ तिप्पट, तेव्हाच्या दरानं आपले पंचवीस हजार रुपये. मधल्या आकाराच्या गाड्यांची लेव्ही दुप्पट होणार होती. ज्या मोपेडवर पोरं कॉलेजला जातात, तिची तर चौपटीच्या पुढे.

महिन्याभरात, १७ नोव्हेंबर २००९ रोजी, देशभरातले दुचाकीस्वार वेलिंग्टनच्या संसदेवर जाऊन धडकले. वेलिंग्टन उत्तर बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. ऑकलंडहून यायचं तर सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटर. दक्षिण बेटावरून यायचं तर गाडी फेरीबोटीत चढवायची आणि तीन-साडेतीन तास कुकच्या सामुद्रधुनीचे हेलकावे खायचे. तरी हजारोंनी आले. नेमके किती, याचे आकडे वेगवेगळे छापून आले. मोर्चातली डोकी मोजण्यावर कुठल्याच देशात एकमत होत नाही. ब्रॉन्झ या नावानं ओळखली जाणारी बायकरांच्या हक्कांची संघटना आणि चाळिशी ओलांडलेल्यांचा यूलिसीस क्लब यात पुढे होते. माओरी लोकांच्या हीकोईला, म्हणजे निषेधाच्या पदयात्रेला, त्या देशात मोठा मान आहे. फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली १९७५ साली निघालेली जमीन हक्काची यात्रा तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. बायकरांनी आपल्या मोर्चाचं नाव हीकोई या शब्दावरूनच बेतलं होतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या सरकारी इमारतीसमोर इंजिनं गुरगुरत होती. एसीसी खात्याचे मंत्री निक स्मिथ बाहेर येऊन बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांची हुर्यो उडवली गेली. ते मागे हटले नाहीत. मोटरसायकलवाल्यांच्या अपघातांचा खर्च बाकीच्या वाहनवाल्यांनी किती सोसायचा, असा त्यांचा सवाल होता.

एवढीच गोष्ट असती तर ती दिवाळी अंकापर्यंत आणायचं कारण नव्हतं. पैसे वाढले की माणसं रस्त्यावर येतात. मला यात रस वाटला तो वेगळ्या कारणानं. दोन्ही बाजू न्यायाची भाषा करत होत्या, आणि ज्या कायद्याच्या नावानं हे भांडण चाललं होतं, त्याच्या पायालाच दोघंही सुरुंग लावत होते.

तो कायदा समजून घ्यायचा तर ओवेन वुडहाउस या न्यायाधीशांपाशी जावं लागतं. १९१६ मध्ये नेपियर गावी जन्म, दुसऱ्या महायुद्धात नौदलात टॉर्पेडो बोटींवर नोकरी, मग वकिली आणि न्यायासन. १९६६ साली सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. विषय तसा साधा होता: कामावर जखमी होणाऱ्या कामगारांची भरपाई. वुडहाउस यांनी तो विषय हातात घेतला आणि सरकारला अपेक्षित नसलेल्या ठिकाणी नेऊन ठेवला. १९६७ च्या अहवालात त्यांनी विचारलं की कारखान्यात पाय मोडला तर भरपाई आणि घरी जिन्यावरून पडून मोडला तर नाही, हे कसं? गाडीनं उडवलं आणि चूक समोरच्याची आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तर भरपूर पैसे. सिद्ध करता आलं नाही, साक्षीदार फिरला, समोरच्याकडे विमा नव्हता, तर काहीच नाही. पाय दोघांचेही मोडलेलेच. कोर्टातली भरपाई ही त्यांच्या लेखी नशिबाची सोडत होती, आणि सोडतीचा बराचसा पैसा वकील आणि विमा कंपन्यांच्या खर्चातच जिरत होता.

त्यांचा उपाय धाडसी होता. चूक कुणाची, हा प्रश्नच काढून टाकायचा. ज्याला अपघात झाला त्याला उपचार मिळतील, पगाराचा मोठा हिस्सा मिळेल, पुन्हा उभं राहायला मदत मिळेल. मग तो कामावर असो, रस्त्यावर असो की स्वयंपाकघरात, दिवस असो की रात्र. बदल्यात नागरिकांनी जखमेबद्दल एकमेकांवर दावा लावण्याचा हक्क सोडायचा. त्यामागचा विचार असा, की रस्ते, कारखाने, यंत्रं, खेळ यांचा फायदा सगळा समाज घेतो. त्यांतून दरवर्षी ठरावीक माणसं मोडणार हेही समाजाला ठाऊक असतं. तेव्हा त्यांचा भार समाजानंच उचलावा. सामुदायिक जबाबदारी हे वुडहाउस यांच्या पाच तत्त्वांपैकी पहिलं. कारखानदारांकडून घ्यायची लेव्हीही सरसकट एकाच दरानं घ्यावी, अशी त्यांची शिफारस होती. कायदा करताना राजकारण्यांनी तेवढं मात्र ऐकलं नाही. धोक्याप्रमाणे उद्योगांचे वेगवेगळे दर ठेवले. ती फट तेव्हा कुणाला फारशी खुपली नाही. १९७२ साली नॅशनल पक्षाच्या राजवटीत कायदा झाला, लेबर पक्षानं तो गृहिणी, मुलं, पाहुणे अशा सगळ्यांना लागू केला आणि १ एप्रिल १९७४ पासून योजना सुरू झाली.

पाहुणे म्हणजे अक्षरशः पाहुणे. लेकीच्या बाळंतपणाला नाशिकहून ऑकलंडला गेलेल्या आजी तिथल्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, तर उपचाराचा भार एसीसी उचलतं. त्याच आजींना तिथे हृदयविकाराचा झटका आला तर मात्र एसीसी हात वर करतं, कारण तो आजार, अपघात नव्हे. आजाऱ्याला एक न्याय आणि जखमीला दुसरा, ही या योजनेतली जुनी उणीव. वुडहाउस यांनाही ती माहीत होती आणि पुढे कधीतरी आजारही त्यात यावेत असं त्यांचं म्हणणं होतं. ते अजून आलेले नाहीत.

मोटरसायकलवाला पडतो तेव्हा काय होतं, ते जरा जवळून बघू. वळणावर खडी आहे, मागचं चाक सटकतं, गुडघा आणि खांदा रस्त्यावर आपटतो. ॲम्ब्युलन्स येते. दवाखान्यात डॉक्टर एसीसी ४५ नावाचा फॉर्म भरतात: नाव, जखम, कुठे झाली, कशी झाली. दोष कुणाचा, असा रकाना त्यात नाही. तपासणीला, फिजिओथेरपीला रुग्णाला थोडेफार पैसे खिशातून घालावे लागतात, बाकी एसीसी देतं. कामावर जाता येत नसेल तर पहिल्या आठवड्यानंतर पगाराच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला सुरू होते. पाठीचा कणाच मोडला असेल तर त्याला क्राइस्टचर्चच्या बरवुड हॉस्पिटलमधल्या किंवा ऑकलंडमधल्या स्पायनल युनिटमध्ये हलवतात, आणि पुढे चाकाची खुर्ची, घराला उतार, रुंद दरवाजे, रोजचा मदतनीस असा खर्च तो माणूस जिवंत असेपर्यंत चालतो. तो पंचविशीतला असेल तर पन्नास वर्षं. दुचाकीच्या हिशेबातला खरा खड्डा हा आहे. खरचटण्याचा खर्च कुणाला जड जात नाही. चारचाकीत बसलेला माणूस ज्या धडकेतून मान चोळत बाहेर पडतो, त्याच धडकेत दुचाकीवाल्याचा जन्म बदलतो.

पूर्वी एसीसी वर्षाचा खर्च वर्षाच्या जमेतून भागवत असे. नव्वदच्या दशकात वारं फिरलं. नॅशनल पक्षाच्या १९९२ च्या कायद्यानं एकरकमी भरपाई काढून टाकली आणि विम्याची भाषा आणली. १९९९ साली कामगारांच्या अपघातांचा धंदा खासगी विमा कंपन्यांना खुला केला. लेबर सरकारनं वर्षभरात तो परत घेतला. पण हिशेबाची नवी पद्धत राहिली: या वर्षी झालेल्या अपघातांचा पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च याच वर्षी बाजूला काढून ठेवायचा. त्यासाठी पुढे व्याजदर काय असतील, उपचार किती महागतील, याचे अंदाज बांधायचे. शिवाय पैशाची खाती वेगळी: मोटार वाहनांचं, नोकरदारांचं, कामाच्या जागेचं, न कमावणाऱ्यांचं. वाहनांच्या खात्यात पेट्रोलच्या लिटरमागे काही सेंट आणि रेगोमधली लेव्ही जमा होते. सगळ्यांच्या घामाचा एक रांजण होता. त्याची आता लेबलं लावलेली मडकी झाली, आणि कुठल्या मडक्यातून किती सांडलं ते मोजता येऊ लागलं.

मग २००८ ची मंदी आली. व्याजदर कोसळले, भविष्यातल्या खर्चाचं आजचं मूल्य फुगलं, आणि एसीसीनं २००८-०९ सालचा तोटा जाहीर केला: ४.८ अब्ज डॉलर. यातला मोठा भाग तिजोरीतून गेलेला पैसा नव्हता. पुढे द्याव्या लागतील अशा रकमांचा फेरहिशेब होता. विरोधकांनी आरोप केला की घबराट मुद्दाम पसरवली जाते आहे, एसीसी पुन्हा खासगी कंपन्यांच्या हाती द्यायची वाट मोकळी करण्यासाठी. तो हेतू होता की नाही, हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे. पण चारच वर्षांनी, २०१२-१३ साली, त्याच एसीसीनं ४.९ अब्ज डॉलरचं आधिक्य दाखवलं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. संस्था तीच, अपघात साधारण तेवढेच. ज्या आकड्याच्या धाकानं बायकरांकडून तिप्पट पैसे मागितले गेले, त्याच्या घडणीत व्याजदरांचा हात किती मोठा होता, ते यावरून कळावं.

तरीही एसीसीची बाजू पोकळ नव्हती. त्यांच्या हिशेबानं मोटरसायकल अपघातांवर वर्षाला ६२ दशलक्ष डॉलर खर्च होत होते आणि मोटरसायकलवाल्यांच्या लेव्हीतून येत होते १२.३ दशलक्ष. बाकीचा फरक चारचाकीवाले भरत होते. तेवढंच अंतर कापताना दुचाकीवाल्याला अपघाताचा धोका कारवाल्याच्या सोळापट, हेही एसीसी सांगत होतं.

बायकरांचे युक्तिवाद अनेक होते आणि सगळे सारख्या ताकदीचे नव्हते. सर्वांत बिनतोड मुद्दा दोन गाड्यांचा. हौशी माणसाकडे रोजची एक बाइक असते, रविवारची एक, आणि गॅरेजात अर्धवट खोललेली एक. तीन रेगो, तीन लेव्ह्या. पण तो एका वेळी एकाच गाडीवरून पडू शकतो! जखमी गाडी होत नाही, माणूस होतो, मग पैसे गाडीमागे का? यावर एसीसीपाशी सोयीखेरीज उत्तर नव्हतं: रेगोबरोबर वसूल करणं स्वस्त पडतं.

दुसरा मुद्दा रग्बीचा. हौशी रग्बीपटू दर शनिवारी गुडघे, खांदे आणि माना मोडून घेतात. त्यांचा खर्च नोकरदारांच्या खात्यातून जातो, जिथे टायपिस्टपासून सुतारापर्यंत सगळे पगारातून सारख्या दरानं भरतात. रग्बीच्या बुटांवर लेव्ही नाही, घोड्याच्या खोगिरावर नाही, सायकलवर नाही, घरातल्या शिडीवर नाही. मग धोक्याची किंमत फक्त आमच्याकडूनच का? मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. हा खरा वुडहाउस यांचा मुद्दा. न्यूझीलंडमध्ये रग्बीवर वेगळी लेव्ही लावायला निघालेलं सरकार आठवडाभरही टिकणार नाही, हे कुठल्याही मंत्र्याला कळतं. बायकर मात्र मतांच्या हिशेबात थोडे.

आणि तिसरा मुद्दा, जो संसदेसमोर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला गेला: चूक गाडीवाल्यांची असते. चौकात उजवीकडे वळताना ते समोरून येणारी बाइक बघत नाहीत, धडकतात, आणि मग म्हणतात, सॉरी, दिसलाच नाहीस. दोन वाहनांच्या टकरीत हे पुष्कळदा खरंही असतं. त्यांचा दोष आमच्या खात्यावर का मांडता?

इथे मोर्चानं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं मला वाटतं. दोष मोजायचा ठरवला तर मग पुरता मोजावा लागेल. एकट्यानं, कुणी न धडकता, वेगात वळण चुकून पडलेले बायकरही मोजावे लागतील, आणि ते थोडे नाहीत. दारू प्यालेले मोजावे लागतील. प्रत्येक जखमेमागे चौकशी, प्रत्येक चौकशीमागे वकील. म्हणजे १९७४ साली जे गाडून टाकलं तेच पुन्हा उकरायचं. सरकारनं धोक्याच्या नावाखाली विमा कंपनीचं तर्कशास्त्र आणलं. बायकरांनी दोषाच्या नावाखाली कोर्टाचं. वुडहाउस तेव्हा हयात होते, त्र्याण्णव वर्षांचे. २०१४ मध्ये ते गेले.

शेवट तडजोडीत झाला. सरकारनं प्रस्ताव बराच खाली आणला. सहाशे सीसीच्या वरच्या गाडीची लेव्ही जुलै २०१० पासून सव्वाचारशे डॉलरच्या घरात ठरली. मागितली होती त्यापेक्षा तीनशेहून अधिक डॉलर कमी, आधी होती त्यापेक्षा पावणेदोनशे जास्त. मोर्चा जिंकला असंही म्हणता येतं आणि हरला असंही. सरकारी प्रस्ताव मुळातच कापण्यासाठी फुगवलेले असतात, असं म्हणणारे तिथेही होतेच. पुढे आधिक्य आल्यावर जुलै २०१५ मध्ये वाहनांची सरासरी लेव्ही ३३० डॉलरवरून १९५ वर आली. त्या उताराचा मोठा लाभ चारचाकीवाल्यांनाच झाला.

हे सगळं वाचताना आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे येणं अटळ आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. लेव्ही आपणही भरतो, फक्त तिला थर्ड पार्टी म्हणतो. पंचाहत्तर ते दीडशे सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, साडेतीनशेच्या वर २,८०४. हे दर २०२२ साली ठरलेले. पण नावातच सगळं आलं: तो विमा तिसऱ्याचा, पडणाऱ्याचा नव्हे. खड्ड्यात आदळून स्वतःच पडलात तर पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असेल तरच काही हाती लागतं, तेही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. मोडलेल्या पायाला, बुडालेल्या तीन महिन्यांच्या रोजंदारीला नाही. दुसऱ्यानं उडवलं तर एमएसीटीत, म्हणजे मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात, क्लेम लावायचा, पंचनाम्याच्या नकला गोळा करायच्या, तारखा मोजायच्या आणि लोकअदालतीत जे मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं. वुडहाउस यांना जी सोडत नको होती, ती आपल्या प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालू असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यानं बळी घेतला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, तेव्हा कुठे रस्त्याच्या मालकाला बिलात जागा मिळाली.

आणि आपले दुचाकीवाले मोर्चा काढतात तो कशासाठी? पुण्यात २०१९ च्या जानेवारीत काढला, हेल्मेटसक्तीच्या विरोधात. पुणेकरांना नावं ठेवायचा मोह मी आवरतो. पण आपण पडलो तर खर्च कोण देणार, या प्रश्नावर इतक्या हिरिरीनं लोक रस्त्यावर आल्याचं मला आठवत नाही. न्यूझीलंडमध्ये १९७३ पासून हेल्मेट हा वादाचा विषयच उरलेला नाही.

त्या २०१० च्या तडजोडीत आणखी एक छोटी रक्कम होती: प्रत्येक मोटरसायकलमागे वर्षाला तीस डॉलर, फक्त सुरक्षिततेसाठी. ती कशी खर्चायची हे सुचवायला बायकरांनाच घेऊन एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं. त्यातून बायकरांना जाचणाऱ्या वळणांवर कठड्याखाली पट्ट्या बसवण्यासारखी कामं झाली, जेणेकरून घसरत गेलेला माणूस खांबावर आदळू नये. एसीसीनं ‘राइड फॉरएव्हर’ नावानं प्रशिक्षण सुरू केलं: अनुभवी प्रशिक्षक मागून बाइकवर येतो, वळणात नजर कुठे ठेवायची, मागचा ब्रेक कधी दाबायचा ते शिकवतो, आणि फी अगदी नाममात्र, कारण बाकीचा खर्च एसीसीचा. शिकलेल्यांचे क्लेम न शिकलेल्यांपेक्षा कमी येतात, असं एसीसीचे आकडे सांगतात. मुळातच सावध असणारेच शिकायला येतात, हेही त्यात धरायला हवं.

सहाशे सीसीची रेघ मात्र विनोदीच ठरली. रेससाठी बनवलेली, दहा हजारांच्या पुढे आरपीएम घेणारी ५९९ सीसीची बाइक रेघेच्या खाली. शांतपणे पोस्टात जाऊन येणारी एका सिलिंडरची साडेसहाशे सीसी रेघेच्या वर. २०१२ च्या ऑक्टोबरपासून शिकाऊ चालकांना ६६० सीसीपर्यंतच्या, पण वजनाच्या मानानं कमी ताकदीच्या बाइक चालवायची मुभा मिळाली. म्हणजे एक सरकारी खातं म्हणे, ही गाडी नवशिक्यासाठी ठीक आहे. दुसरं म्हणे, ही सर्वांत धोकादायक गटातली. आपल्या चेन्नईत बनणारी रॉयल एनफील्डची ६४८ सीसीची इंटरसेप्टर नेमकी या कात्रीत सापडली.

बायकरांनी आपला उपायही शोधला आहे. थंडी-पावसाचे महिने आले की रेगो कमीत कमी तीन महिने स्थगित ठेवता येतो. बरेच जण तसं करतात, गाडीवर ताडपत्री घालतात, आणि एसीसीच्या खात्यात तेवढी जमा कमी पडते. मग खड्डा भरायला पुढच्या वेळी दर वाढतो. दर काही वर्षांनी एसीसी नव्या दरांवर लोकांची मतं मागवतं. २०२४ मध्ये मागवली तेव्हा मोटरसायकलींची लेव्ही वाढवण्याचा प्रस्ताव पुन्हा होताच. गॅरेजात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या बाइकचे वेगळे पैसे का, याचं उत्तर मात्र एसीसीकडून अजून यायचं आहे.